पाऱ्याची जोडी

आमच्या चाकाविंतो गावात सातुर्निनो विल्का मास्तरांकडे रसायन न शिकलेला माणूस शोधायचा म्हणजे कुरणातला एखादा लामा हाकून आणावा लागेल. ओरुरोच्या बसचा ड्रायव्हर, खाणीतला पंपवाला, चर्चमध्ये घंटा वाजवणारा, सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले, सगळे त्यांना प्रोफे, म्हणजे गुरुजी, म्हणणारे. आणि सगळ्यांना एकच गोष्ट पक्की येते, ती म्हणजे मास्तरांची फुली.

संयुगाचं सूत्र लिहायचं तर दोन मूलद्रव्यं शेजारी उभी करायची. मग एकाची संयुजा दुसऱ्याच्या पायाशी न्यायची आणि दुसऱ्याची पहिल्याच्या. हे करताना पोरांनी दोन्ही हात छातीवर फुलीसारखे आडवे घ्यायचे. कॅल्शियम दोन, ऑक्सिजन दोन, फुली मारली की Ca₂O₂ झालं. मग सगळ्या वर्गानं एक टाळी देऊन ओरडायचं, "लहान कर!" दोनाला दोन उडाले, उरलं CaO. पुढे पुढे गावात कुणी ताटात बटाटे जास्त घेतले तरी लोक हात छातीवर घेऊन ओरडायला लागले, "लहान कर!" मास्तर वरवर चिडायचे. आतून त्यांना गुदगुल्या व्हायच्या.

दर जुलैत तालुक्याची पोरं रसायनाच्या स्पर्धेला ओरुरो शहरात जायची. सलग एकोणीस वर्षं मास्तर त्यांच्याबरोबर गेले होते, ड्रायव्हरच्या शेजारच्या पुढच्या सीटवर, मांडीवर टोपी ठेवून. वर्षअखेरीस ते निवृत्त होणार होते. विसावी फेरी शेवटची. त्या सीटसाठी टोपीसुद्धा नवी घेऊन ठेवली होती.

आणि मार्चमध्ये रसायनाची दुसरी शिक्षिका आली, हिसेला उरिओना.

कोचाबांबाची, एकोणतीस वर्षांची, थंडीनं नाक लाल झालेली. तिनं आल्या आल्या लोखंडाची फेरस आणि फेरिक ही जुनी नावं मोडीत काढली. ती म्हणायची आयर्न-दोन, आयर्न-तीन. मास्तर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "हे संयुगाचं नाव आहे की बसचा नंबर? फेरिक म्हटलं की कसं घरंदाज वाटतं."

"घरंदाज आहे खरं, प्रोफे," हिसेला हसत म्हणाली, "पण मला त्या घराण्याची वंशावळ पाठ होत नाही. नंबर बरा."

सगळे हसले. तेही हसले असते, पण हसणारी सगळी माणसं त्यांची होती आणि हसवणारी ती.

तेव्हापासून मास्तरांच्या पोटात जे दुखायला लागलं ते कोकाच्या पानांच्या काढ्यानंही राहीना. ते शिकवता शिकवता थांबायचे आणि भिंतीपलीकडचा आवाज ऐकायचे. तिच्याकडे रंगीत खडू. तिच्याकडे मधल्या सुट्टीतही पोरं. शिक्षक दिनाला तिच्या टेबलावर साल्तेन्यांच्या, म्हणजे मांस भरलेल्या करंज्यांच्या, दोन टोपल्या, मास्तरांच्या टेबलावर एक, आणि तीही नेमकी गार. सगळ्यात वर्मी लागलं ते वेगळंच. रोज सकाळी त्यांना जांभळ्या मक्याचं गरम आपी पाजणाऱ्या बेकरीवाल्या बेनिताची मुलगी सुल्मा हिसेलाच्या तुकडीत बसली होती. बेनिता म्हणजे त्यांची एके काळची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी.

"काय म्हणते तुमची बाई?" ते गरम पेल्यावर फुंकर घालत विचारायचे.

"बरी शिकवते, प्रोफे."

"बरी की चांगली?"

"आपी निवतंय, प्रोफे."

जूनमध्ये मुख्याध्यापकांनी ठरवलं, ओरुरोला पोरांबरोबर एकच शिक्षक जाणार, त्यावरून भांडण नको, फळ्यावरच होऊ द्या. दोघांचा एकेक विद्यार्थी उभा करायचा, आणि एकानं दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला संयुगाचं नाव सांगायचं. पोरानं सूत्र लिहायचं. बरोबर असेल तर प्रश्न घालणाऱ्यानंच पटांगणात घंटेसारखा टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा हातोडीनं वाजवायचा. चूक असेल तर रूळ गप्प. ज्याचा विद्यार्थी आधी चुकेल त्यानं गावात राहायचं, दुसरा ओरुरोला.

आदल्या दिवशी मास्तर हिसेलाच्या रिकाम्या वर्गात शिरले. खडू संपला होता, असं ते नंतर म्हणाले. टेबलावर तिचे पुठ्ठ्याचे पत्ते होते. संयुजेइतक्या खाचा कापलेले, एकाची खाच दुसऱ्यात बसवली की संयुग तयार. मास्तरांनी सोडियम क्लोरीनमध्ये बसवला. मग अ‍ॅल्युमिनियम घेतला. दहा मिनिटं कशी गेली कळलं नाही, आणि आपण रमलो हे लक्षात आल्यावर तर त्यांना जास्तच राग आला. एवढ्यात पाऱ्याचे दोन पत्ते हाती आले, एकमेकांना डिंकानं चिकटलेले.

मास्तरांचा चेहरा उजळला. "अरे वा! बाईंना साधा डिंक लावता येत नाही, आणि निघाल्या ओरुरोला."

दुसऱ्या दिवशी पटांगणात निम्मं गाव होतं. मास्तरांच्या बाजूनं उभा होता पंपवाल्याचा मुलगा फ्रोइलान. त्याला हिसेलानं सरळ प्रश्न घातले, एकातही खोच नव्हती, आणि चारही वेळा तिनंच आनंदानं रूळ वाजवला. तेवढ्यानंही मास्तरांचा तिळपापड झाला. जिंकायचं म्हणून भांडतसुद्धा नाही ही बाई!

हिसेलाच्या बाजूनं उभ्या सुल्माचीही तीन बरोबर आली. चौथ्याला मास्तर उठले, टोपी नीट केली आणि घरंदाज आवाजात म्हणाले, "मर्क्युरस क्लोराइड."

सुल्मानं लिहिलं, Hg₂Cl₂.

मास्तरांनी क्षणभर डोळे मिटले. एवढं सुख त्यांना मार्चपासून मिळालं नव्हतं. मग डोळे उघडून त्यांनी दोन्ही हात छातीवर आडवे घेतले. ड्रायव्हरनं घेतले, घंटावाल्यानं घेतले, सबंध पटांगणानं घेतले. एकच टाळी, एकच आरोळी, "लहान कर!"

सुल्मा हलली नाही. कानशिलं तेवढी लाल झाली.

"ऐकलंस ना, पोरी? दोनाला दोन उडव."

"नाही उडत, प्रोफे. हा पारा एकटा राहत नाही. दोघं हात धरून असतात. लहान केलं तर जोडी तुटते."

"असं कोण म्हणतं?" मास्तर बोलले सुल्माशी, पण बघत होते हिसेलाकडे.

"तुम्ही," सुल्मा म्हणाली.

हिसेला उठली आणि अवघडून म्हणाली, "प्रोफे, पत्ते मी बेनिताताईंच्या वहीवरून केलेत. नवी नावं मला येतात, पण अपवाद इतके सुरेख सांगितलेले दुसरीकडे कुठे दिसले नाहीत. म्हणून ते दोन पत्ते चिकटवून ठेवले."

बेनिता गर्दीतून पुढे आली. तिच्या हातात पिठाचे डाग पडलेली सव्वीस वर्षांपूर्वीची वही. तिनं पान उघडून धरलं. 'मर्क्युरस पारा : नवरा-बायको. लहान करू नये.' बाजूला पाऱ्याच्या दोन गोळ्या, एकीला मिशा काढलेल्या. खाली लाल पेन्सिलीनं सही, स. विल्का.

मास्तरांना मिशा आठवल्या. एका वर्षी तपासनीस आला होता, तो त्या टाळीवर फार खूष झाला. मग दर वर्षी टाळी मोठी होत गेली. अपवाद आला की ताल बिघडायचा, म्हणून एकेक अपवाद मागे पडत गेला. टाळी तेवढी राहिली.

रूळ समोर लटकत होता. तो वाजला की पुढच्या प्रश्नाला जायचं होतं, आणि पुढचा प्रश्न फ्रोइलानला होता. गप्प राहिले असते तर अर्ध्याअधिक गावाला सूत्रातलं काही कळलं नसतं. मास्तरांनी हातोडी उचलली आणि असा दणका दिला की भिंतीवरचं कुत्रं पळालं.

मग हिसेलानं फ्रोइलानला विचारलं, "हायड्रोजन पेरॉक्साइड." फ्रोइलाननं H₂O₂ लिहिलं, मास्तरांकडे पाहिलं, हात छातीवर घेतले आणि इमानदारीत लहान करून ठेवलं, HO. रूळ गप्प. हिसेलानं मान खाली घातली. मास्तरांनी नव्हती घातली, पण टोपी काढून हातात घेतली होती.

बस निघायच्या सकाळी हिसेला बेकरीच्या दारात आली. "चला ना, प्रोफे. पुढची सीट रुंद आहे, दोघं मावतो."

"दोघं?" मास्तरांनी हात छातीवर आडवे घेतले. "लहान करा. एक पुरे."

खिडकीतून सुल्मानं हात हलवला. बस वळणाआड जाईपर्यंत मास्तर त्या सीटकडे बघत होते. मग आत येऊन बसले आणि म्हणाले, "बेनिता, ती वही आण."

आपीत पुरी बुडवत त्यांनी पानामागून पान वाचलं. तेहतीस वर्षांचा हा कोण सातुर्निनो, किती मजेत शिकवत होता! किती सोपं, किती लबाड, एकही टाळी न घेता. हिसेलाचा मत्सर केला तेव्हा निदान ती दिसत तरी होती. या माणसाशी भांडायचं कुठे?

"काय झालं, प्रोफे? तोंड का असं?"

"काही नाही. जरा लाल पेन्सिल दे."

एकेचाळिसाव्या पानावर पोटॅशियम डायक्रोमेट लिहिलं होतं, K₂CrO₇. क्रोमियमच्या पायाशी दोन लिहायचा राहिला होता, आणि शेजारी त्याच तरुण विल्काची बरोबरची खूण, वर सही.

"अगं बघ! बघ, काय तपासलंय गाढवानं!" मास्तरांचा आवाज महिन्याभरात पहिल्यांदा खणखणीत लागला. त्यांनी राहिलेला दोन ठसठशीत लिहिला, सहीवर गोल केला आणि सही करणाऱ्याचा अर्धा मार्क कापला. मग आणखी एक पुरी मागवली.