सुहासच्या गाडीचा राहिलेला पत्रा

भावजींना दवाखान्यातून घरी आणायचं म्हणून मी यादी करत बसले होते. औषधं, स्वेटर, चष्मा, गाडीत पाठीशी ठेवायला उशी. उशीपाशी पोचले आणि अंबाजोगाईहून यांचा फोन आला. "मन्मथ गेला," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "किती वाजता?" ... हा काय विचारायचा प्रश्न होता, असं आता वाटतं. हृदयाचा दुसरा झटका होता. वय अठ्ठेचाळीस. आमच्या लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून माती दिली, त्याला आता सात आठवडे झाले.

मन्मथअप्पा माझे धाकटे दीर. तेलगावात आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला त्यांचं गॅरेज. दुकानदाराच्या घरातला मुलगा ऑइलात हात काळे करतो, हे सासऱ्यांना शेवटपर्यंत रुचलं नाही. मी लग्न होऊन आले, काउंटर सांभाळायला लागले. एकदा एका जीपचं काम झाल्यावर दोन बोल्ट शिल्लक राहिले आणि भावजींनी ते कुठले हे शोधण्यात सगळी दुपार घालवली. दुसऱ्या दिवसापासून मी खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर यादी करू लागले. गाडीतून काय काय निघालं ते क्रमाने लिहायचं आणि परत बसलं की खूण करायची. "वहिनी, लग्नाचा बस्ता न्हाई हा," म्हणून ते हसले होते. पण महिन्याभरात त्यांचीच सवय झाली. गाडी सोडण्याआधी ते गॅरेजातूनच विचारायचे, "वहिनी, पूर्ण?" मी पूर्ण म्हटलं की किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात. परत वाकून बघायचे नाहीत.

आता सुहासच्या गाडीचं सांगते. चार वर्षांपूर्वीची, ऊसतोडीच्या दिवसांतली गोष्ट आहे. दिंद्रुडला त्याचं खता-बियाण्यांचं दुकान. त्याने टर्बोवाली पेट्रोल गाडी घेतली होती आणि तिची ताकद वाढवून घेतली होती. आता त्याला डाउनपाइप बदलायचा होता. इंजिनातला धगधगता धूर टर्बोमधून बाहेर पडताना ज्या पाइपात पहिल्यांदा शिरतो, तो हा. मोठ्या घेराचा बसवला की गाडीला मोकळा श्वास मिळतो. सुहासने आधी आणलेल्या पाइपात धूर साफ करणारी जाळीच नव्हती. भावजींनी तो परत पाठवला. "तुझी गाडी पळंल बे, पण मागच्याच्या लेकराच्या नाकात काय जाईल?" जाळीचा पाइप पुण्याहून आला तेव्हा काम सुरू झालं.

जुन्या पाइपाचे नट गंजून धरले होते. जोर लावला आणि आतला बोल्ट तुटला, तर अख्खा टर्बो काढावा लागणार. भावजी अशा वेळी कुणाला बोलू देत नसत. तेल सोडायचं, थांबायचं. नट जरासा आवळायचा, मग जरासा सोडायचा, परत तेल. तिसरा नट सुटेपर्यंत दीड तास गेला. आम्ही काउंटरवरसुद्धा हळू बोलत होतो.

त्या पाइपाच्या आणि मागच्या वायरींच्या मध्ये एक पत्रा असतो, आच अडवायला. नवा पाइप जाड, त्यामुळे पत्रा जागेवर बसेना. भावजी पत्रा हातात घेऊन गाडीकडे गेले, ते मी काउंटरवरून पाहिलं आणि पुठ्ठ्यावर खूण केली. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. त्यांनी लावून बघितला, कुठे वाकवायचा ते हेरलं आणि ठोकायला म्हणून टेबलावर आणून ठेवला. तेवढ्यात सुहास बायको आणि मुलीला घेऊन आला, त्यांना बीडला लग्नाला जायचं होतं. "अप्पा, एकदा चालू तर करा." गाडी चालू झाली, तो खोल आवाज ऐकून रस्त्यावरची माणसं थांबली. भावजींनी हात पुसत विचारलं, "वहिनी, पूर्ण?"

मी पूर्ण म्हणाले.

गाडी जाऊन दहा-बारा मिनिटं झाली असतील. मी झाडायला मागे गेले आणि टेबलावर पत्रा दिसला. भावजींना हाक मारली. त्यांनी पत्र्याकडे पाहिलं, पुठ्ठ्यावरच्या माझ्या खुणेकडे पाहिलं आणि मोटारसायकलची किल्ली घेतली. मी फोन लावत होते, सुहास उचलत नव्हता. "पत्रा, टेप, हत्यारं गोणपाटात घ्या अन् बसा मागं," ते म्हणाले.

वडवणीच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चालले होते. भावजी कडेच्या मातीतून गाडी काढत होते. पत्र्याच्या कडा गोणपाटातून तळहातात रुतत होत्या. मी सारखी पुढे आभाळात धूर दिसतो का बघत होते. सात वेळा फोन लावला. समोरून येणाऱ्याने सांगितलं, पुढे ट्रॉली उलटली आहे, रस्ता अडलाय. मला वाटलं, सापडला. भावजी वळून म्हणाले, "थांबला तर सापडंल, वहिनी. पण थांबली तर गाडी जास्त तापंल. वारा न्हाई लागणार."

रांगेत शेवटून आठवी गाडी. काचा बंद, इंजिन चालू, मुलगी आईच्या मांडीवर. भावजींनी काचेवर थाप मारली. "बंद कर. आधी बंद कर, मंग बोल." बायको-मुलीला पार शेताच्या बांधापर्यंत पाठवलं. बॉनेट उघडलं तर प्लास्टिक जळाल्याचा वास आणि मागून धुराची एक बारीक रेघ. वायरींवरचं आवरण वितळून एका जागी तांबं दिसत होतं. भावजींनी काठीने तो जुडगा पाइपापासून लांब सारला आणि तसाच धरून उभे राहिले. बराच वेळ. मग धूर थांबला.

"अप्पा, पोरगी होती माझी गाडीत," सुहास म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं.

"माझ्याकडून राहिलं," भावजी म्हणाले.

"सुहास, ते..." मी तोंड उघडलं.

"वहिनी, टेप द्या." माझ्याकडे न बघता त्यांनी हात पुढे केला.

पाइप निवल्यावर त्यांनी वायरींना टेप गुंडाळली, रस्त्याकडेच्या दगडावर पत्रा ठोकून वाकवला आणि बसवला. परतताना मी विचारलं, मला का बोलू दिलं नाही.  भावजी म्हणाले, "लोक म्हणले असते, बाईच्या यादीवर गाड्या सोडतो. दादानं बी मंग तुमाला काउंटर सोडून मागं गॅरेजात येऊ दिलं नसतं. मला यादी लागती."

सुहास पुन्हा आला नाही. त्याने दिंद्रुडात सांगायचं ते सांगितलं, त्यात खोटं काही नव्हतं, फक्त नाव चुकलं होतं. मोठ्या गाड्या येणं जवळजवळ बंद झालं. भावजी ट्रॅक्टर आणि जीपमध्ये रमले, निदान तसं दाखवत राहिले. त्या प्रसंगानंतरच्या पहिल्याच गाडीला त्यांनी गिऱ्हाइकासमोर, नेहमीपेक्षा मोठ्याने विचारलं, "वहिनी, पूर्ण?" मला तो शब्द उच्चारता येईना. मी उठून मागे गेले, पदर खोचला आणि एकेक जागा हाताने चाचपून पाहिली. गिऱ्हाईक हसलं. भावजी हसले नाहीत, बाजूला सरकून उभे राहिले. तेव्हापासून तसंच.

तेराव्या दिवशी सुहास भेटायला आला. ओसरीवर चार माणसं बसली होती, आमचे हेही होते. "लई भला माणूस. हात एकदाच चुकला त्यांचा," तो म्हणाला. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सांगितलं, ती खूण माझी होती, पत्रा बसला नसताना पूर्ण मीच म्हणाले होते. यांनी मान वर केली. हे त्यांनाही नवं होतं. सुहास कपाकडे बघत राहिला. "मग अप्पांनी कावून घेतलं अंगावर?" मी ते दगडाजवळून परततानाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "मी सगळ्या गावाला सांगितलं हो..." तो म्हणाला. आता हे सांगा, असं मी म्हणाले. तो सांगेल की नाही ठाऊक नाही, म्हणून मी इथे लिहिते आहे.

मागची जागा भाड्याने द्यायचं यांच्या मनात होतं. त्या संध्याकाळनंतर तो विषय त्यांनी काढला नाही. गेल्या सोमवारपासून चकलांब्याचे एक मिस्त्री गॅरेजात येऊ लागले आहेत. पहिल्या जीपचं काम संपवून ते बॉनेट लावायला निघाले, तेव्हा मी म्हणाले, "थांबा, मला हात घालून बघायचंय. राग मानू नका."

"अप्पा असताना बी असंच होतं का?"

"आधी नव्हतं. एका गाडीनंतर सुरू झालं."

त्यांनी हातातली बॅटरी लावून माझ्याकडे दिली.