पदरातले तेरा दाणे

शाळेच्या व्हरांड्याला नुकताच चुना दिलाय. त्याचा ओला, घशाला लागणारा वास येतो आहे आणि पालकसभेच्या बाकावर मी घाबरून बसले आहे. खरं तर घाबरायचं कारण नाही. रामनगरची ही शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, लेक अभ्यासात बरी. बाईंना काय काय विचारायचं ते वहीत लिहूनही आणलंय. तरी चुन्याच्या वासानं ती वही मी पुन्हा पुन्हा उघडून बघते आहे.

माझं माहेर दिग्गीच्या बाजूला, रानात. कोंबडी अंड्यांवर बसली की आई दाराच्या आतल्या बाजूला रोज चुन्याचा एक ठिपका द्यायची, म्हणजे पिलं निघायचा दिवस चुकत नसे. मी दूरच्या शाळेत जाऊ लागले तेव्हा कोंबडीच्या ठिपक्यांशेजारी माझेही सुरू झाले. मी दप्तर घेऊन उंबरा ओलांडला की एक ठिपका. आईला अक्षरओळख नव्हती, पण लेक एकही दिवस चुकवत नाही याचा तिला कोण अभिमान.

मी मात्र चुकवत होते. ओढ्यापाशी भेटून पुढे सोबत करणारी थोरली मुलगी गणपतीनंतर मामाच्या गावी राहायला गेली होती. आईला हे ठाऊक नव्हतं. एका सकाळी वाटेवरचं वारूळ अस्वलानं ताजं उकरलेलं दिसलं, मातीत नखं उमटलेली. त्यानंतर कधी धीर होई, कधी होत नसे. नाही झाला की ओढ्याच्या खडकावर बसून राहायचं, तिथेच डबा खायचा, उन्हं कलली की घरी. सांगावं तर शाळा सुटणार, हे पक्कं माहीत होतं. अस्वलापेक्षा मी त्यालाच जास्त भ्याले.

मग पालकसभेचा निरोप आला. आईनं केली तशी तयारी मला आजवर जमलेली नाही. ठेवणीतलं लुगडं काढलं, बाईंसाठी परसातली कोनफळं धुऊन घेतली, आणि दारावरच्या माझ्या प्रत्येक ठिपक्यामागे भाताचा एक दाणा मोजून पदराच्या टोकाला गाठ मारली. मी त्या दिवशी जेवले नाही. पोट दुखतंय म्हणाले, आणि ते खरंच दुखत होतं.

बाईंच्या टेबलावर तिनं ती गाठ सोडली. बाई आधी हसल्या, मग हजेरीपट उघडून माझ्या एकेका हजर दिवसाला एकेक दाणा बाजूला सारू लागल्या. पट संपला, तेरा दाणे उरले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आईनं पाहिलं नाही. तिनं ते तेरा दाणे वेचले आणि पुन्हा पदरात बांधले.

परतताना वारुळापाशी मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"भ्या वाटतंय तर सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं आसतं तर शाळा सोडवली आसतीस."

आईनं उकरलेली माती पायानं सारखी केली. "व्हय, सोडवली आसती," ती म्हणाली. "मलाबी भ्या वाटतंय हितं. उद्यापास्नं दोघी जाऊया."

दोन वर्षं ती आली, हातात कोयती घेऊन, मोठमोठ्यानं बोलत. ठिपका मात्र आता मला पोहोचवून घरी परतल्यावरच देई.

आई गेली, त्या वाटेवर डांबर पडलं. माझ्या लेकीच्या वाटेत रान नाही, ओढा नाही. म्हणूनच तिची भीती कुठे जाऊन बसत असेल, ते मला कळत नाही. सकाळी निघताना विचारलं, तू सांगतेस त्याहून बाई मला काही वेगळं सांगणार आहेत का? "न्हाई गं," दप्तर उचलत ती चटकन म्हणाली. इतकं चटकन मीही म्हणत असे.

माझ्यापुढे अजून दोघी आहेत. वही मी मिटून पिशवीत ठेवली आहे, आणि पदराच्या टोकाला रिकामीच गाठ मारत बसले आहे.