चकतीची झोप

आमच्या विद्यानगरच्या घरात वीज वाया घालवणं म्हणजे महापाप. काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की ते आधी पंखा बंद करत आणि मग गुन्हेगार शोधत. एकदा तर घरच्या जावयाला त्यांनी अर्ध्या दाढीनिशी अंधारात उभं केलं होतं.

मग त्यांची नजर कॉम्प्युटरवर गेली. उन्हाळ्यात तो निम्मा वेळ इन्व्हर्टरवरच चाले. काम नसताना आत काय घरघरतं, असं त्यांनी मला विचारलं. मी कॉम्प्युटरच्याच धंद्यातला. ऐटीत सांगितलं, की ती हार्ड डिस्क. आतली चकती सतत फिरते, म्हणून वीज खाते. काम नसेल तेव्हा तिला झोपवायची सोय असते. काकांनी लगेच सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात कमी वेळ निवडला. जरा हात थांबला की चकती झोपलीच पाहिजे.

त्याच डिस्कवर काकू होती. म्हणजे तिचा आवाज. परदेशातल्या लेकीसाठी तिनं एकेक पदार्थ बोलून ठेवला होता. काकू गेली, आवाज तेवढा राहिला, आणि त्याची दुसरी प्रत नव्हती.

काका रोज दुपारी ऐकायला बसत. थोडं ऐकायचं, थांबवायचं, खिडकीबाहेर बघत राहायचं. तेवढ्यात चकती झोपे. पुन्हा ऐकायचं तर तिला उठवायचं. आधी ती नुसती घरघरत उठे. पुढं घरघरीआधी एक बारीक 'टक' येऊ लागलं. मग टक, आणि नंतर शांतता. ती शांतता रोज जरा लांबत होती. काका खुर्चीच्या कडेवर येऊन बसत.

एकदा ते मी ऐकलं. म्हटलं, "काका, म्हाताऱ्या चकतीला फिरायचा त्रास नसतो, उठायचा असतो. सगळं दुसरीकडं उतरवून घेतो. तोवर हिला बंद करू नका."

"हौ. मी कशाला बंद करतोय?"

रविवारी दुपारी मी झोपेची सेटिंग काढली, प्रत काढायला लावली आणि चहा टाकायला गेलो. काकांना धीर कुठला? त्यांनी शेजारी बसून गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या चटणीचं काकूचं बोलणं लावलं. मी कप घेऊन दारात आलो तेव्हा काकू सांगत होती, मिरची बेगम बाजारातलीच घे. काका पाण्यासाठी उठले. ती हे रेकॉर्ड करत होती त्या दिवशीही ते असेच उठले असणार. कारण मध्येच तिचा आवाज बदलला.

"अहो, उठताना बटण बंद करा."

आणि जन्मभराच्या सवयीनं काकांचा हात भिंतीवरच्या कॉम्प्युटरच्या बटणाकडं गेला.

मी ओरडेपर्यंत घरघर थांबली होती. बटण पुन्हा लावलं. टक. टक. पुढं काही नाही.

"तिनंच सांगितलं रे," काका म्हणाले.

डिस्क दुरुस्तीला दिली आहे. तिकडून अजून निरोप नाही. काका बाहेर फोनपाशी बसून असतात, त्यांच्या रिकाम्या खोलीत दिवसभर पंखा फिरतो, आणि तो बंद करायला कोणी जात नाही.