घोंगडीखालचा नातू

सगळ्यात आधी आली ती शेवंतीची शेळी. मी लेकीची पडवी सारवून, ठेवणीतलं लुगडं नेसून, बाळंतिणीला दूध पाजायला शिकवणाऱ्या मॅडमांची वाट बघत बसलेली, तर तिने माझा अर्धा गजरा खाल्ला. मागून छत्रीखाली शेवंती, पाठीला पोर बांधलेलं. मी विचारलं, मॅडम खंय? तर हीच.

पण आधी रस्ता सांगते, तुम्हालाही आंबोलीला जायचं असेल. मालवणहून सावंतवाडीची एसटी, तिथे गाडी बदलायची. बाईमाणसाला तिकीट अर्धं, म्हणून मी सामान दुप्पट नेते. घाटात वळणं फार, खिडकी धरा. नाक्यावर टपरीत गरम भजी खाऊन घ्या, पुढे धनगरवाड्यापर्यंत नुसता चढ आणि जळवा. माझ्या पायाला एक चिकटली तेव्हा मी असा नाच केला की मागची म्हैस थांबून बघत होती.

माझी लेक सुमन तिथे दिलेली, पहिलटकरीण. पोर छातीला लागेना, वजन उतरलेलं, आणि आपल्याला दूधच नाही म्हणून ही रडतेय. मी मोठ्या ऐटीत मालवणहून दुधाच्या पावडरचा डबा नेलेला.

शेवंती पलीकडच्या वाड्यावरची, आमच्या धनगरांतलीच. अशा पोरवाल्या बायका अंगावर पाजण्याचं शिकून घेऊन नव्या आयांकडे घरोघरी जातात. पण आमच्यात कोवळ्या पोरावर परकी नजर पडू देत नाहीत. मी नातवावर घोंगडीचा आडोसा केला आणि पुढ्यात बसले.

"पोर निजला आसा," मी म्हटलं.

घोंगडी शिंकली.

शेवंतीने ऐकलंच नाही असं दाखवलं. आपलं पोर सोडून पदराखाली घेतलं आणि सुमनला म्हणाली, "माजो झीलय असोच तोंड फिरवी गो. माकाय वाटला, दूधच नाय. तेका तोंड मोठा उघडूक दी, मगे लाव."

सुमन तिच्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच घोंगडी सारली.

"अगो, दृष्ट..."

"आये, तू चाय कर."

केला. त्यात साखर दोनदा पडली, कारण कान आत. आधी रडणं, मग काही नाही, मग गटक, गटक. मी चुलीपाशीच बसून राहिले. धुरामुळे डोळ्यांत पाणी आलं असं सगळ्यांना सांगितलं. निघताना शेवंती म्हणाली, वजन नाही वाढलं तर डॉक्टरकडे मी येते सोबत.

आता मालवणात आहे. डबा न फोडता परत आला, कपाटावर बसून माझ्याकडे बघतो. काल सुमनचा फोन होता, वजन चढतंय. शेवंती गुरुवारी पुन्हा येणार म्हणून सांगून गेलीय. मी बुधवारची एसटी धरतेय, या खेपेला गजरा न माळता.