मारणारी कोंबडी

अनगोळच्या घरामागे आम्ही पाच गावठी कोंबड्या पाळल्या, त्याला दोन वर्षं झाली. त्यातल्या काळीला बाकीच्या टोचायला लागल्या. आधी शेपटीवरची पिसं गेली, मग पाठ उघडी पडून रक्त दिसायला लागलं.

मी शाळेत शिकवते. वर्गात एखाद्या पोरीला त्रास झाला की आम्ही तिलाच दुसऱ्या बाकावर बसवतो. इथंही मी तेच केलं. काळीला आठवडाभर घरात डालग्याखाली वेगळं ठेवलं आणि जखम सुकल्यावर परत सोडलं. पाच मिनिटांत चौघी तिच्यावर तुटून पडल्या, आधीपेक्षा जास्त.

त्याच सुमारास माझी मोठी जाऊ खानापूरकडच्या गावाहून डोळे तपासायला आली. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. ती मागच्या पायरीवर चहा घेऊन बसली आणि अर्धा तास नुसती कोंबड्यांकडं बघत राहिली.

"तांबडी सुरू करत्या," ती म्हणाली. "बाकीच्या तिचं बघून टोचत्यात. तिला बाजूला काढ."

"पण आक्का, जखम काळीला झालीय."

"व्हय. पण आठ दिवस दिसली न्हाय, की ती त्यांना परकी झाली. आता तांबडीला परकी होऊ दे."

तांबडीला आम्ही घराच्या पुढच्या अंगाला नेलं, तिला बाकीच्यांचा आवाजही येणार नाही अशा जागी. दाणापाणी, सावली सगळं दिलं. काळीच्या पाठीला आक्कानं खोबरेल तेलात हळद कालवून लावली. लाल दिसलं की टोचतात, म्हणाली. दाण्याचं दुसरं भांडं ठेवलं आणि कोबीचा एक गड्डा दोरीनं टांगला.

पहिल्या दिवशी उरलेल्या तिघींची काळीशी थोडी झटापट झाली. दुसऱ्या दिवसापासून काळी त्यांच्या शेजारी उभी राहून कोबी खात होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तांबडीला सोडलं. ती नेहमीसारखी तुरा ताठ करून थेट भांड्याकडं गेली. ठिपक्यांच्या कोंबडीनं मान वर केली, तिच्याकडं बघितलं आणि एकदाच टोचलं. तांबडी दोन पावलं मागं सरली. काळी खातच राहिली.

मी थक्क होऊन उभी होते. माझ्या स्वयंपाकघराएवढ्या त्या जागेत, चार दिवसांत, कुणी कुणाच्या आधी खायचं हे त्यांनी नव्यानं ठरवलं होतं, आणि ते एका टोचण्यात तांबडीला कळलंही होतं.

"हे त्यांना कसं समजतं, आक्का?"

"मला काय ठावं गं? मी लहानपणापासनं बघत आले. अजून लई नवल वाटतंय."

अंधार पडायच्या आत कोंबड्या एकेक करून खुराड्यातल्या दांडीवर चढल्या. आम्ही दोघी बघत होतो. तांबडी सगळ्यात शेवटी चढली. काळीनं जरा सरकून तिला जागा दिली.