दोन सुट्या पट्ट्या

आमच्या शिडांच्या कारखान्यात मालकांनी एकदा फर्मान काढलं, की वीस वर्षांनी विंडसर्फिंगचं, म्हणजे शीड लावलेल्या फळीवरून पाण्यावर पळण्याच्या खेळाचं, सामान कसं असेल ते प्रत्येकाने कागदावर लिहून द्यायचं. निवडक कल्पना प्रदर्शनात मांडायच्या होत्या. मी आराखडे काढते आणि तयार झालेली शिडं तपासतेही. छोट्या कारखान्यात एका माणसाच्या गळ्यात दोन कामं असतातच. त्यामुळे सगळे कागद माझ्याकडे जमा झाले.

लोकांनी डोकं चालवलं होतं, नाही असं नाही. एकाने वारा वाढला की आपोआप आकसणारं शीड लिहिलं. एकाने हवा भरली की ताठ उभी राहणारी आणि हवा काढली की पिशवीत मावणारी डोलकाठी लिहिली. कापड कापणाऱ्या विभागातल्या महाशयांनी पडलेल्या माणसाला स्वतःच वर उचलून घेणारी फळी लिहिली, आणि त्यांचा आकार बघता ती कल्पना अगदी पोटातून आलेली होती. मी एकटीने अठरा कल्पना दिल्या. त्यातली माझी सगळ्यात लाडकी म्हणजे जराही आवाज न करणारं शीड.

आणि एका कागदावर फक्त एक ओळ होती. ‘शीड बोलायला हवं.’ अक्षर माझ्या सासूबाईंचं.

सासूबाई याच कारखान्यात एकतीस वर्षं शिलाईला. लग्न होऊन मी घरात आले त्याच्या आधीपासून मी त्यांना ओळखत होते, आणि घाबरतही होते. कारखान्यात त्यांचं नाव ‘उलटी टीप’. शीड हातात आलं की त्या आधी ते उलटं करून मागची शिवण बघायच्या. पुढून सगळेच नटतात, म्हणायच्या. बोलणंही तसंच, उलटं आणि आखूड. पण एकतीस वर्षांत त्यांनी शिवलेलं एकही शीड तपासणीतून परत गेलं नव्हतं. आमच्या धंद्यात शिडाचा मोठा दोष म्हणजे फडफड. कडेला बोटभर कापड सैल राहिलं तरी ते वाऱ्यात फडफडतं, आणि तसलं शीड आम्ही परत पाठवतो. सासूबाईंचा सगळा जन्म ती फडफड मारण्यात गेला होता.

म्हणून ती ओळ वाचून मला हसू आलं. बरं, आलं तर आलं, मनात ठेवावं की नाही? मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर ती मोठ्याने वाचून दाखवली. ‘घरात या बोलत नाहीत, म्हणून शिडाने बोलावं होय?’ असंही वर म्हणाले. सगळे खो खो हसले, सगळ्यांत जास्त मी. सासूबाईंनी डबा संपवला, झाकण लावलं आणि मशीनवर जाऊन बसल्या.

घरी माझे सासरे दोन वर्षांपासून खिडकीशी बसून होते. त्यांनी तीस-पस्तीस वर्षं तळ्यावर लोकांना विंडसर्फिंग शिकवलं. अर्ध्या गावाला त्यांनीच पाण्यात पाडलंय आणि त्यांनीच उभं केलंय. मग डोळ्यांच्या नसा सुकत गेल्या. आता त्यांना उजेड आणि अंधार तेवढा कळतो. नजर गेल्यावरही एकदा हट्टाने फळीवर उभे राहिले, आणि पडत राहिले. ‘हाताला कळतं,’ म्हणाले, ‘पण उशिरा कळतं. डोळ्याला आधी कळायचं.’ त्यानंतर त्यांनी तळ्याचं नाव घेणंच टाकलं. जेवण अर्ध्यावर आलं. दाढी करायची तर आठवण करावी लागायची. डॉक्टर म्हणाले, डोळे सोडले तर यांना काही झालेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, तेच तर झालंय.

एका दुपारी माझ्या तपासणीच्या टेबलावर सासूबाईंनी गुंडाळलेलं एक शीड ठेवलं होतं. मी उलगडलं. उरल्यासुरल्या तुकड्यांचं, पण शिवण नेहमीसारखीच चोख. आणि पुढच्या कडेजवळ, माणसाच्या कानाच्या उंचीवर, दोन पट्ट्या सुट्या राहिल्या होत्या. डाव्या अंगाला कडक पारदर्शक प्लास्टिकची, उजव्या अंगाला जाड कापडाची. एका टोकाला शिवलेल्या, दुसरं टोक मोकळं.

एकतीस वर्षांत पहिला दोष, तोही एवढा ढळढळीत. मला वाटलं, आता यांचीही नजर गेली. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं. मी टाके उसवले, पट्ट्या कचऱ्यात टाकल्या, शीड जसं होतं तसं गुंडाळलं आणि वर तपासणीचा शिक्का मारला. कोणाला चकार शब्द सांगितला नाही, त्यांना तर नाहीच. घरी आल्यावर मी स्वतःवर भलतीच खूश होते. सासूची लाज राखणारी सून कुठे मिळते, असं मनात दहा वेळा म्हणून घेतलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रविवारी सकाळी सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, ‘उठा. तळ्यावर जायचंय.’

‘मला नाही यायचं.’

‘मी विचारलं नाही.’

माझा नवरा मोटरबोट घेऊन पाण्यात थांबला, काही झालंच तर उचलायला. त्याआधी सासूबाईंनी ते शीड न उघडताच त्याच्या हातात दिलं होतं, आणि त्याने ते डोलकाठीवर चढवलं होतं. तपासलेलं शीड पुन्हा उघडून बघायचं नाही, हा कारखान्यातला नियम त्यांनीच घातलेला. त्या सासऱ्यांच्या कानाशी बराच वेळ काही सांगत होत्या. मला एवढंच ऐकू आलं, ‘डावीकडून खरखर आली तर दांडी ओढा, उजवीकडून धपधप आली तर सोडा. वळलात की उलट.’ दोन वर्षांनी मी सासऱ्यांना हसताना पाहिलं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही.

ते निघाले आणि वीस हातांवर पडले. पुन्हा चढले, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी फळी धरली आणि काठाकडे तोंड करून म्हणाले, ‘हे शीड मुकं आहे गं.’ आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं. नवऱ्याने त्यांना काठावर आणलं. ते टॉवेल गुंडाळून बसले आणि म्हणाले, ‘चला घरी.’

सासूबाईंनी शिडावर हात फिरवला. बोट एका जागी थांबलं, मग दुसऱ्या बाजूला गेलं.

‘इथल्या पट्ट्या कोणी काढल्या?’

‘मी,’ मी म्हणाले. ‘आई, मला वाटलं चुकून राहिल्यात. तुमचं नाव जाईल, म्हणून...’

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘यांचा जीव त्या शिडाच्या भरवशावर पाण्यात जाणार होता,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणून तुझ्या टेबलावर ठेवलं. वाटलं, पट्ट्या बघशील आणि विचारशील, आई, हे काय. मग सांगितलं असतं.’

‘आधीच का नाही सांगितलंत?’

‘एकदा लिहून दिलं होतं की.’

मला कुठे तोंड लपवू असं झालं. सगळ्यांसमोर वाचून दाखवलेली ती ओळ माझ्याच आवाजात मला ऐकू आली. मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर म्हणाल्या, ‘पाय नको, सुई धर.’

सुईदोरा त्यांच्या पर्समध्ये कायम असतो. नवऱ्याने बोटीत बिस्किटांचा पुडा नेला होता, त्याचं करकरीत वेष्टण मी कापून घेतलं. दुसऱ्या पट्टीसाठी माझ्या जाड पिशवीचा बंद कापला. मी उसवलेल्या टाक्यांची भोकं शिडावर तशीच होती, एका ओळीत, समान अंतरावर. मी एकेका भोकातून दोरा घालत गेले. शीड पोलादासारखं कडक, बोटं सोलवटली. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. झाल्यावर त्यांनी शीड उलटं करून मागची शिवण पाहिली. ‘चालेल,’ म्हणाल्या. बारा वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या कामाला चालेल म्हटलेलं ते पहिल्यांदा.

सासरे यायला तयार नव्हते. सासूबाईंनी त्यांचा हात धरून तो आधी एका पट्टीवर ठेवला, मग दुसरीवर. ते उठले.

निघाले तेव्हा बिस्किटाचा कागद असा काही खरखरला की काठावर मलाही ऐकू आला. त्यांनी दांडी ओढली. मग धपधप आली, त्यांनी सैल सोडली. डगमगले, पण पडले नाहीत. काठाला धरून ते दूरच्या धक्क्यापर्यंत गेले, बोट मागे होतीच. तिथून वळताना एकदा पाण्यात गेले, आपणच वर आले आणि परत निघाले.

येताना ते आमच्या अगदी समोरून, दहा-बारा हातांवरून जाणार होते. मी कान टवकारले. काहीच ऐकू येईना. ना खरखर, ना धपधप. माझा टाका सुटला, पट्ट्या पुन्हा गेल्या, असं वाटून मी सासूबाईंचा दंड घट्ट धरला.

‘आई, आवाज बंद झाला.’

‘अगं, दोन्ही पट्ट्या सपाट चिकटल्यात शिडाला,’ त्या म्हणाल्या. ‘शीड बरोबर धरलं की त्याला बोलायचं कारणच उरत नाही. सरळ चाललेत ते.’

सासरे आमच्या समोरून गेले. आम्ही तिथे आहोत हे त्यांना कळलंही नाही. मान किंचित तिरकी, एक कान शिडाला लावलेला, आणि चेहरा दोन वर्षांपूर्वीचा. सासूबाई रडत होत्या. मीही रडत होते, आणि माझा हात त्यांच्या दंडावरच होता.

थोड्या वेळाने मी डोळे पुसले आणि विचारलं, ‘आई, पट्टी किती लांब ठेवायची?’

‘वीतभर,’ त्या म्हणाल्या. ‘पण आधी कागद घे. तू विसरशील.’