जीप भरायच्या आत

लोहाऱ्यात सास्तूरला जाणाऱ्या जीपा उभ्या राहतात त्याच्या बरोबर समोर वीरभद्रचं फ्लेक्सचं दुकान आहे. धंदा वाढदिवसाच्या बॅनरचा, पण मिजास अशी की सगळा सिनेमा याच्याच सल्ल्यावाचून अडलाय. कधीकाळी तो मुंबईत एका मालिकेच्या लेखन विभागात अकरा महिने होता. तिथं तो संवादांच्या झेरॉक्स काढायचा. हे त्यानं इथं कधी सांगितलं नाही, आणि कुणी विचारायच्या भानगडीतही पडलं नाही.

परत आल्यावर त्यानं तालुक्याचा पटकथा मंच काढला. संस्थापक तोच, अध्यक्ष तोच, परीक्षकही तोच. दर रविवारी होतकरू मंडळी आपल्या सिनेमाची गोष्ट एका ओळीत लिहून आणायची आणि वीरभद्र लाल पेनानं तिची सालटी काढायचा. दहापैकी चारच्या वर गुण त्यानं आजवर कुणाला दिले नव्हते. प्रश्न सगळ्यांना एकच असायचा, "हिरोला पायजे काय?"

कृष्णराजनं सोयाबीनच्या रानात परग्रहावरची माणसं उतरवली. वीरभद्र म्हणाला, "उतरली, बरं झालं. पर त्यांना पायजे काय? खुरपणीला आलीत का?" युवराजनं रहस्यकथा आणली. सरकारी कचेरीतून हरवलेली फाईल हिरो चार दिवसांत शोधून काढतो. "चार दिवसांत?" वीरभद्रनं कागद परत केला. "रहस्यकथा न्हाय ही. परग्रहाच्या खात्यात टाक."

पोरांनी कुरकुर सुरू केली तेव्हा त्यानं एक कसोटी काढली. सास्तूरची जीप भरल्याशिवाय हलत नाही. तेवढ्या वेळात तिच्या दारात उभं राहून आपली ओळ उतारूंना ऐकवायची. एकानं जरी "मंग?" विचारलं तर ओळ पास. पिशव्या मांडीवर घेऊन अवघडून बसलेले उतारू कसले विचारतात! "जीप कवा सुटणार?" एवढंच ते विचारायचे. वर्षभरात एकही ओळ पास झाली नाही आणि वीरभद्र निर्धास्त झाला.

अशात पुण्याच्या एका सिनेमा कंपनीनं गोष्टी मागवल्या. प्रत्येक मंचाकडून एकच ओळ, रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत. कुणाची ओळ जाणार हे वीरभद्रनं मेल वाचता वाचताच ठरवून टाकलं. तो स्वतः सोळा वर्षं एक पटकथा लिहीत होता. तिचं सोनं होण्याची हीच वेळ होती, आणि पुन्हा अशी वेळ येईल याची त्याला खात्री नव्हती.

त्या रविवारी चार वाजता प्रीती आली. सास्तूरच्या पोस्टात कामाला असलेली, मंचात नवीन. तिची भयकथा होती. वीरभद्रनं ती वाचली, पेनाचं टोपण काढलं आणि दोन गुण दिले.

"प्रीतीताई, दगडाला ॲक्टिंग येती का? दगडाच्या जागी बाहुली घ्या. गाव काढा, बंगला टाका. बंगला नसल तर भूत राहणार कुठं?"

"सर, जीपमधी सांगून बघू का?"

"जीपपर्यंत न्यायच्या लायकीची न्हाय ती."

"मग तुमची सांगा की. तुमची आजपर्यंत कुणी ऐकलीच न्हाय."

परीक्षकाची परीक्षा नसते, असं तो म्हणणार होता. पण दुकानात कृष्णराज आणि युवराज बसलेले होते, आणि दोघांनीही मोबाईल खाली ठेवले होते. वीरभद्र उठला, शर्ट खोचला आणि जीपच्या दारात जाऊन उभा राहिला. त्यानं घसा साफ करून ओळ म्हटली, "एका प्रतिभावंत लेखकाला हा समाज ओळखत नाही, पण नियती त्याची नोंद घेते."

मागं कुणीतरी जांभई दिली. जीप चालवणारा हणमंतप्पा वर्षभर दारातल्या ओळी आणि वीरभद्रचा आरडाओरडा ऐकत आला होता. त्यानं तंबाखू मळता मळता विचारलं, "पर त्याला पायजे काय, मालक?"

वीरभद्रनं खोचलेला शर्ट पुन्हा खोचला. त्याला हणमंतप्पाचा राग आला, प्रीतीचा आला, आणि ती कसोटी काढणाऱ्या शहाण्याचा तर सगळ्यात जास्त आला.

तेवढ्यात प्रीती घरी जायला जीपमध्ये चढली आणि बसल्या जागेवरून तिनं आपली ओळ सांगितली. "भूकंपानंतर नव्या गावात आलेल्या बाईच्या उंबऱ्यावर रोज सकाळी तिच्या जुन्या घराचा एक दगड येऊन पडतो, आणि घर पुरं झालं की त्यात राहायला कोण येणार, हे तिला ठाऊक आहे."

कोपऱ्यात सास्तूरच्या मथुराबाई टोपली धरून बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, भूकंप पाहिलेल्या. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"मंग?" त्या म्हणाल्या. "आलं का पोरी कुणी?"

जीप केव्हाच भरली होती, पण हणमंतप्पानं चावी फिरवली नाही. प्रीती पुढचं सांगायला लागली. अर्ध्या गोष्टीवर त्यानं गाडी काढली, तीही अगदी सावकाश. वळणावर जीप दिसेनाशी झाली तरी आतलं "मंग?" वीरभद्रला ऐकू येत होतं.

तो दुकानात आला. पोरं निघून गेली होती. पाच वाजायला दहा मिनिटं होती आणि टेबलावर दोन कागद होते. आपलीच ओळ पाठवली तर कोण काय वाकडं करणार होतं? जीपमधल्या बायाबापड्या काही पुण्याला फोन करणार नव्हत्या. हा विचार त्यानं सात मिनिटं केला. मग शिव्या देत देत प्रीतीची ओळ टाईप केली. बाहुली घालायला हात फार शिवशिवले, पण त्यानं एक शब्दही न बदलता ती पाठवून दिली.

नंतर त्यानं आपला कागद पुढं ओढला, लाल पेन घेतलं आणि सवयीनं समासात लिहिलं, "हिरोला पाहिजे काय?"

सोळा वर्षांत त्यानं स्वतःला हे विचारलं नव्हतं. मग त्याखाली लिहिलं, "एकदा तरी कुणीतरी 'मंग?' म्हणावं."

या ओळीला त्यानं पाच गुण दिले.